तंबूचं दार उगवतीला

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत तंबू वाळत पडतात. वर्षभर पोटमाळ्यावर गुंडाळून ठेवलेले तंबू ईस्टरच्या सुट्टीआधी लोक बाहेर काढतात, मागच्या बागेत दोरीवर टाकतात, कुठं शिवण उसवलीय का ते बघतात. ब्रिस्टलचं ऊन तसं नावापुरतंच. पण दोन तास जरी लागलं तरी त्या कापडातून गेल्या वर्षीच्या गवताचा आणि किंचित बुरशीचा वास सुटतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून विचारतात, "यंदा कुठं?" लग्नानंतरची बारा वर्षं मी या प्रश्नाला "बघू, माझ्या पाठीवर आहे सगळं" असं उत्तर देत आले. माझ्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं.

नवरा आणि मुलं डेव्हनला जायची, वेल्सच्या डोंगरात जायची. मी त्यांना डबे भरून द्यायचे आणि दारातून हात हलवायचे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की घरात येऊन बसायचे, आणि मला उगीचच उसाच्या पाचटाचा वास यायचा.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं, साखर कारखान्यांच्या मुलखात, सहा-सहा महिने. मागं उरायची म्हातारी माणसं, दारांवरची कुलपं आणि शाळेतली आम्ही काही पोरं. उन्हं तापायला लागली की कुणीतरी बातमी आणायचं, "पट्टा पडला." म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. मग रोज एखादा ट्रक गावात शिरायचा. भांडी, गोधड्या, शेळ्या, खुराड्यातल्या कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली, उन्हानं काळवंडलेली माणसं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत घरी पोचायचंच, हा आईचा हट्ट असे. आमच्या भिंतीवर कोटातला एकच फोटो होता, त्याला हार तिला स्वतःच्या हातानं घालायचा असे. त्यामुळे माझ्या मनात एप्रिल म्हणजे ऊन नाही, आंबेही नाहीत. एप्रिल म्हणजे आई परत येते तो महिना.

सात वर्षांची होईपर्यंत मीही त्या ट्रकवर असायचे. उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहायच्या. बांबूच्या कमानी, वर पाचट, वाकून आत शिरायचं दार. आत आम्ही दाटीवाटीनं झोपायचो. वारा सुटला की सगळी कोपी कुजबुजल्यासारखी वाजायची. मग आठव्या वर्षी मला गावातल्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. धाकटा भाऊ, दीपक, अंगावर पिणारा होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मी राहिले. आठ वर्षांच्या पोरीला कारणं समजत नाहीत, जागा समजते. मला वाटायचं, कोपी लहान, दीपक आला, म्हणून माझी जागा गेली. हे मी कधी कुणाला बोलले नाही. आईला तर नाहीच.

त्या वसतिगृहाचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी एका ट्यूबलाइटखाली आम्ही तीस पोरं पाढे म्हणायचो. गुरुजींच्या घरून येणाऱ्या आमटीला गूळ जास्त असायचा. तिथून तालुक्याचं कॉलेज, मग पुण्यात इंजिनिअरिंग, मग शिष्यवृत्तीवर ब्रिस्टल, आणि विमानाच्या पंखांवर किती भार येतो हे तपासायची नोकरी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पहिल्या पगारात आईला लोखंडी पलंग घेऊन दिला आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "आई, आता तू कधी भुईवर झोपायचं नाहीस." ती हसली. मी मात्र ते वचन फार मनावर घेतलं.

नील, माझा नवरा, लंडनजवळच्या पिनरला, तिथल्या एका मराठी घरात वाढला. सासूसासरे दोघं डॉक्टर. लग्नाआधी त्यांनी विचारलं, आईवडील काय करतात, तेव्हा मी म्हटलं, "शेतात असतात." खोटं नव्हतं ते. पण पिनरच्या बैठकीत ते वाक्य असं काही ऐकू गेलं, की जणू आमची चाळीस एकर बागायत आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न केलेली गोष्ट वर्षावर्षानं जड होत जाते.

तीन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर आई सहा महिने आमच्याकडे राहायला आली. नीलचं फार जुनं स्वप्न होतं, अमेरिकेच्या नैऋत्येच्या वाळवंटात दोन आठवडे गाडीनं फिरायचं, तंबूत राहायचं, लाल डोंगरांत चालायचं. दीपकनं कधीतरी हौसेनं आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा घेऊन ठेवला होता. नील म्हणाला, "मग आईंना पण घेऊ ना. परफेक्ट आहे."

आईनं तंबू पाहिला तर ती काय म्हणेल, हे मला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. ज्यातनं बाहेर पडायला आम्ही जन्म घालवला, त्यातच आणून बसवलंस ना परत? आणि ती ते मुलांसमोर, नीलसमोर म्हणेल. मग एकेक सगळं बाहेर येईल. म्हणून मी दोन्हीकडं खोटं बोलले. नीलला सांगितलं, आईच्या गुडघ्यांना जमीन सोसत नाही, आम्ही दोघी जवळच्या मोटेलात झोपू, तुम्ही तिघं तंबूत. आईला सांगितलं, इथल्या खोल्या लहान असतात, म्हणून मुलं आणि नील वेगळ्या खोलीत. तंबू गाडीच्या डिकीत, त्यावर सतरंजी, सतरंजीवर तांदळाची पिशवी.

विमानानं फिनिक्सला उतरून गाडीनं निघालो तेव्हा आई पुढच्या सीटवर होती, नीलच्या आग्रहानं. "आई, तुम्ही पुढे बसा, व्ह्यू बेटर आहे." पुरुषभर उंचीच्या तिप्पट निवडुंगं हात वर करून उभी होती. आई म्हणाली, "ही बघ, कशी हजेरी द्यायलेत." पुढं पुढं निवडुंगं संपली, माती लाल झाली, झुडपांना धुपासारखा वास येऊ लागला. रस्ता इतका सरळ, की नील म्हणाला, स्टिअरिंग कशाला दिलंय कळत नाही. आई तासन्‌तास बाहेर बघत बसे. एकदाच म्हणाली, "एवढी जमीन पडलीय आन माणूस एक दिसंना. हितं कुणी कुणाला हाकललं असंल, बाई." मी इंजिनिअर, मी नकाशा बघत होते. तिला जमीन दिसली की माणसं आठवतात.

पहिल्या सकाळी मला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. दचकून उठले. आई खाली, दोन पलंगांमधल्या गालिच्यावर शाल पांघरून झोपलेली. "आई, पलंग आहे ना!" तर म्हणते, "त्या गादीत माणूस बुडतंय. मी आपली काठाला आले." गावाहून बरोबर आणलेला तो कोटातला फोटो तेवढा तिनं टीव्हीशेजारी नीट उभा करून ठेवला होता.

चौथ्या दिवशी सगळं फुटलं, आणि ते फोडलं आमच्या सात वर्षांच्या कबीरनं. मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत कागदी ताटल्या घेऊन आम्ही बसलो होतो. तो आणि अकरा वर्षांची मीरा नीलबरोबर कॅम्पवरून आले, केसांत लाल वाळू.

"आजी, काल सगळा वाळू माझ्या तोंडात गेली," कबीर म्हणाला.

"कुठं खेळलास रं?"

"नाही खेळलो. झोपलो होतो. टेंट उडाला. डॅडी त्याच्यावर बसला."

"काय उडालं?"

मी कबीरकडं डोळे मोठे करून बघत होते. मीरानं ते पाहिलं आणि भावाला टेबलाखालून लाथ मारली. तो ओरडला, "व्हॉट? टेंट! मम्मी, आजीला टेंट माहीत नाही?"

"तंबू, आई," नील म्हणाला. त्याला बिचाऱ्याला यात लपवण्यासारखं काय ते ठाऊकच नव्हतं.

आईनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "लेकरं रोज तंबूत झोपायलेत? आन तू हितं माझ्यापाशी गादीवर?"

"तुझ्यासाठीच, आई. तुला पुन्हा भुईवर, पुन्हा तसल्या…"

"लेकरं सोडून झोपायची सवय लावून घेऊ नको, सुजे. मी लावून घेतली. आजून अंगातनं जात नाही."

मोटेलच्या मशिनमधून कुणीतरी संत्र्याचा रस घेत होतं, त्याची घरघर तेवढी चालू होती. मी इतकी वर्षं एकाच बाजूनं बघत होते. मागं राहिलेली मी होते, ट्रकवरून पुढं गेलेली ती. आपल्या पोरीला मागं ठेवून सहा महिने परक्या मुलखात पाठ टेकणाऱ्या बाईचा विचार, दोन लेकरांची आई होऊनही, मला शिवला नव्हता.

आई नीलकडं वळली. "जावई, किती माणसाचा हाय तंबू?"

"पाच, आई. मी पाच जणांचाच घेतला होता."

"मग?" आई म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला. पुढच्या मोटेलांची बुकिंगं मी तिथं बसूनच फोनवर रद्द केली.

त्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही पुढच्या कॅम्पवर पोचलो. नीलनं नेहमीच्या उत्साहानं तंबू पसरला. आई कमरेवर हात ठेवून उभी. साडी, पायात मीराचे जुने ट्रेनर बूट, अंगात नीलचं जाडं जॅकेट.

"जावई, असं नगं. वारं मावळतीकडनं यायलंय. दार उगवतीला करा."

"पण आई, सनसेटचा व्ह्यू…"

"व्ह्यू भायेर बसून बघा. आत वाळू कशाला बोलवायलात?"

नीलनं तंबू फिरवला. आईनं खुंट्या हातानं हलवून पाहिल्या, दोन उपटून तिरप्या ठोकल्या, प्रत्येकीवर दगड ठेवायला मुलांना पिटाळलं. शेजारच्या जागेवरचं अमेरिकन जोडपं आपलं काम सोडून बघायला लागलं, आणि थोड्या वेळानं त्यांनीही आपल्या तंबूचं दार फिरवलं.

"आजी, हे तुला कुणी शिकवला?" मीरानं विचारलं.

झालं, असं मला वाटलं. आता.

"शिकवतंय कोण? दर साली बांधायचे की. ऊसतोडीला जायचो आम्ही. तुझा आजा आन मी, दोघं मिळून एक कोयता."

"कोयता म्हणजे?"

"मोठा नाइफ," नील म्हणाला.

"आजी, तू नाइफ होती?" कबीरचे डोळे चमकले.

"होते की. आन लई धार होती." आई हसत खाली बसली. "नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणायचे. एकटं माणूस मोजीतच नव्हते. तो तोडायचा, मी मोळी बांधायची, डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची. फळी एवढी." तिनं हात दाखवला, दीड वीत. तिच्या आवाजात ना लाज होती ना गाऱ्हाणं. मी गाडीच्या मागं उभी राहून डाळ निवडल्याचं सोंग करत होते. पाकिटातली डाळ होती ती, निवडायला त्यात काही नव्हतं.

भांडी घासायला नळावर गेलो तेव्हा नीलनं आधी सगळी भांडी पाण्याखाली धरली. मग म्हणाला, "बारा वर्षं, सु?"

"हो."

"म्हणजे पाठ…"

"पाठ चांगली आहे."

तो पातेलं घासत राहिला. "मला वाईट वाटतं. तुझ्या आईबाबांबद्दल नाही. तू एकटी बसायची घरी, त्याचा." थोड्या वेळानं म्हणाला, "मी मम्मी-डॅडींना सांगू की तू सांगशील?" मी म्हटलं, मीच सांगते. आणि पिनरला फोन करून सांगितलंही, परत आल्यावर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग लग्नात तुझ्या आईच्या हातांना मी मेंदी लावताना म्हटलं होतं ना, किती राठ आहेत. तेव्हाच सांगायचंस." इतकंच. ज्या दरडीला मी बारा वर्षं टेकू देत होते, ती दरड नव्हतीच.

पण खरी गाठ सुटली ती त्याआधी, त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा. आई तंबूत अंथरुणं घालत होती. फोटो तिनं आधीच कापडी कप्प्यात ठेवला होता. "लेकरं मधी. जावई त्या कडंला. तू हितं, माझ्यापाशी." मी गुडघ्यांवर बसून स्लीपिंग बॅगची चेन ओढत होते आणि माझ्या तोंडून सहज, चेष्टेत विचारावं तसं, निघून गेलं, "आई, मी शाळेत राहिल्यावर कोपीत माझी जागा कुणी घेतली गं?"

ती थांबली. चेष्टा नाही हे तिला कळलं.

"कोपी मी दर साली चौघांचीच बांधायची. तुझा बाप कावायचा, तिघांना एवढं पाचट कशाला. मी म्हणायचे, सुजी आली तर? पहिल्या साली जागा तशीच ठिवली. घमेलं सुदीक ठिवू दिलं नाही."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या साली त्यानं तिथं कोंबड्या कोंडल्या."

"माझ्या जागी कोंबड्या?"

"पाच. त्यातली एक तुझ्यावाणीच. दाणं टाकलं तरी तोंड फिरवून बसायची. तिला आम्ही सुजीच म्हणायचो."

मुलं तंबूभर लोळून हसली. कबीरनं काळजीनं विचारलं, "आजी, सुजीला खाल्ला का?"

"न्हाई रं. तिला कोण कापतंय? म्हातारी होऊन मेली ती, गावाकडं."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आई म्हणाली, "वाळू गेली काय डोळ्यात? म्हणून म्हणलं, दार उगवतीला." चौतीस वर्षं ज्या प्रश्नाला मी हात लावायला भीत होते, त्याचं उत्तर पाच कोंबड्या हे होतं. छातीवरचं काहीतरी इतक्या अलगद उतरलं, की आधी मला ते गेलंय हेच कळलं नाही. जेवताना लक्षात आलं, की मी तिसऱ्यांदा भात घेतेय.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्यांत आठवतात. सकाळी हात आखडणारी थंडी आणि दहाच्या ठोक्याला चटके देणारा दगड. गॅलनच्या बाटल्यांतलं कोमट पाणी. लाल खडकाच्या उतारावर भ्यायलेली मीरा, आणि अनवाणी होऊन तिच्या पुढं चालणारी आई: "दरीकडं बघू नको. पुढं पाऊल कुठं टाकायचं तेवढंच बघ. फळीवर आम्ही हेच करायचो." चौदा तारखेला स्टोव्हवर केलेली शेवयाची खीर, सगळ्यांनी मिळून फोटोपुढं म्हटलेलं त्रिशरण, कबीरचे उच्चार ऐकून आईचं मध्येच सुटलेलं हसू. आणि तिचा एक दम. एकदा मी भारावून मुलांना म्हटलं, बघा, आजीचं घर असंच होतं, आकाशाखाली. आई लगेच म्हणाली, "उगं गोड करून सांगू नको लेकरांना. विंचू होते. पावसात चूल पेटत नव्हती. बाळंत झालेली बाई चौथ्या दिवशी फडात उतरायची. तंबू चांगला हाय. कोपी वाईटच होती."

मला ते पटलं. कृतज्ञता वेगळी आणि गोडवा वेगळा. मी शिकले याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण ज्या व्यवस्थेत शिकायचं तर आईला सोडावं लागतं, तिचे मी आभार मानणार नाही. आजही दसऱ्यानंतर गावातून ट्रक निघतात. दीपक आता त्याच शाळेत शिक्षक आहे, हंगामात वसतिगृहात थांबतो. तो सांगतो, आता मोबाइल आहेत, पोरं रोज आईशी बोलतात. आणि बोलून झाल्यावर रोज रडतात.

यंदाही एप्रिल लागला. आमचा तंबू आता मीच मागच्या बागेत दोरीवर टाकते. त्या प्रवासानंतरच्या पहिल्याच एप्रिलात शेजाऱ्यांनी विचारलं होतं, "यंदा कुठं?" मी म्हटलं, वेल्स, आणि मीही जातेय. ते म्हणाले, "पाठ बरी झाली वाटतं?" मी कुंपणाशी उभी राहून त्यांना ऊसतोडीची सगळी गोष्ट सांगितली. चहा गार होईपर्यंत ते ऐकत राहिले. आई गावाहून व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न विचारते, "तंबू नीट वाळवला का? वला घडी घालू नको, कुजतंय." मग मला फोन दोरीपाशी नेऊन कापडाची चारी टोकं दाखवावी लागतात.

त्या प्रवासातली शेवटची सकाळ मात्र मी कुणाला फारशी सांगत नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही घडलं नाही. तोडीवर असताना आई पहाटे तीनला उठायची. मुकादमाची शिट्टी व्हायची, आणि शिट्टीच्या आत भाकरी थापून झालेली असावी लागे. तोड सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी गावात काय आणि ब्रिस्टलमध्ये काय, मी तिला उजाडल्यावर झोपलेली कधी पाहिली नव्हती. त्या सकाळी आम्ही चौघं उठलो, बाहेर आलो, आणि मागं बघितलं तर आई अजून आत, कुशीवर, तोंड किंचित उघडं, एक हात माझ्या रिकाम्या जागेवर.

सात वाजले. आठ वाजले. सामान आवरायचं होतं, तंबू काढायचा होता, लांबचा रस्ता होता. कबीर उठवायला निघाला, तर मीरानं त्याचा शर्ट धरून मागं ओढलं. कॅम्पची देखरेख करणारा माणूस छोट्या गाडीतून जागा रिकामी करायची आठवण द्यायला आला. नील लगबगीनं पुढं जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलला. त्यानं तंबूकडं पाहिलं, टोपीला हात लावला आणि गाडी पुन्हा सुरू न करता उतारावरून तशीच घरंगळत नेली. आम्ही चौघं बाकावर दाटीनं बसून राहिलो.

साडेनऊला आतून आवाज आला, "अगं बया, ऊन किती वर आलं! मला कुणी उठवलं कसं नाही?"

"काही घाई नाही, आई," नील म्हणाला. "पडा थोडा वेळ."

आणि आई खरोखरच पडून राहिली.